निळं अंगण, पांढरी साडी

मोशी,
एप्रिलअखेर

आदरणीय कुसुमताई,

सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करता आहात, की व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवून त्याच्याकडे बघत चहा पिता आहात? (मी तसंच करते, म्हणून विचारलं.) आम्ही सर्व खुशाल आहोत असं यानंतर लिहायची पद्धत आहे आणि ते बरंचसं खरंही आहे. तुमच्या बंधूंचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आहे, दारच्या शेवग्याला शेंगा लोंबताहेत, लेकीची, मैत्रीची, तब्येत उत्तम, फक्त रंगाने ती दिवसेंदिवस सिमेंटच्या गोणीसारखी होत चालली आहे. माझी पाठ दुखते. का दुखते ते पुढे येईल.

फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात येईल. एक तर मी फोनवर दोन वाक्यं बोलले की हे बाहेरच्या खोलीतून "कोण? ताई का?" करत येतात आणि फोन माझ्या हातातून जातो. दुसरं म्हणजे, मला मराठीत पत्र लिहायला तुम्हीच शिकवलंत. लग्न होऊन आले तेव्हा मी कॉन्व्हेंटमधली, घरात बोलायला मराठी पक्की, पण लिहायची वेळ आली की पेन अडायचं. तुम्हाला पाठवलेलं माझं पहिलं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलं होतंत आणि खाली शेरा होता, "प्रयत्न चांगला. वेलांट्यांकडे लक्ष द्यावे." त्या वेळी मला रडू आलं होतं. आता वाटतं, सासरी पाऊल टाकल्याबरोबर पहिल्याच महिन्यात कुणाला शिक्षिका मिळते? तेव्हा हेही तपासा, पण परत पाठवू नका. स्वतःच या. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहाराच्या नव्या अंगणाचं उद्घाटन आहे आणि ते तुमच्या हस्ते करायचं कमिटीने ठरवलं आहे. रीतसर निमंत्रण धम्मरत्न पाठवेलच. (धम्मरत्न म्हणजे कमिटीचा सेक्रेटरी. बँकेत आहे, मुलगा गुणी, पण व्हॉट्सॲपवर बोलल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. पुढच्या गोंधळात त्याचा मोठा हात आहे.)

आता अंगणाकडे येते, पण त्याआधी मैत्रीच्या शेडवरून जावं लागेल. तिने माणच्या कंपनीतली नोकरी सोडून कुरुळीला शेड घेतली हे तुम्हाला माहीत आहे. तिथे ती काय करते ते मात्र कुणी धड सांगितलं नसणार, कारण तुमचे बंधू नातेवाइकांत "बांधकाम लाइनीत आहे" एवढ्यावर भागवतात. ती स्लॅगचे पेव्हर ब्लॉक बनवते. लोखंड वितळवलं की वर मळकट साय धरते, ती स्लॅग. दुधावरची आपण खातो, लोखंडावरची काढून टाकतात. पण मोठ्या पोलाद कारखान्यातली ही साय पाण्याने झटकन थंड करून मैद्यासारखी दळली की तिला सिमेंटचा गुण येतो आणि खरं सिमेंट थोडंसंच लागतं. त्या दळलेल्या स्लॅगच्या गोण्या मैत्रीकडे लांबून येतात. आपल्याकडच्या फाउंड्र्यांची जाडीभरडी स्लॅग ती फोडून खडीच्या जागी घालते. ती तर लोक आनंदाने देतात, वर चहा पाजतात.

हे मी आता सराईतपणे लिहिते आहे, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरात काय झालं ते आठवलं तरी पाणी प्यावंसं वाटतं. ताई, तुमच्या भावाने भोसरीच्या फाउंड्रीत उभी नोकरी ही साय बाजूला काढण्यात घालवली. घरी आले की आधी मोरीत जायचे. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय मैत्रीला त्यांनी कधी उचललं नाही. ती रांगत दारापर्यंत यायची आणि हे दोन्ही हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखे, तिला ओलांडून जायचे. अंगावरचा कण पोरीला लागू नये म्हणून. आणि त्याच पोरीने एक दिवस जेवताना सांगितलं की तिला स्लॅगचाच धंदा करायचा आहे. त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "मी जे जन्मभर घराबाहेर ठेवलं, ते हिने घरात आणायचं?" एवढंच बोलले. त्यानंतर बोलणं बंद. म्हणजे माझ्याशी चालू, तिच्याशी बंद. एकाच टेबलावर बसून "तुझ्या मुलीला मीठ दे म्हणावं" असा कारभार. मीठ तिच्याच हाताशी असायचं. मी मधल्यामध्ये टपालखात्यासारखी. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीला पोरीने वाकून पायाला हात लावला तेव्हासुद्धा हे म्हणाले, "तुझ्या मुलीला म्हणावं, सुखी राहा."

मैत्रीला वाटलं, एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाबा विरघळतील. म्हणून तिने आमच्या पुढच्या दाराची फुटकी पायरी काढून तिथे आपल्या मालाची नवी ओतली. आता या सिमेंटची एक खोड आहे. घट्ट व्हायला वेळ लावतं. साधं सिमेंट जेवढ्या वेळात दगड होतं, तेवढ्यात हे अजून विचार करत असतं. पण एकदा झालं की झालं. (मला तर ते माहेरच्या ओळखीचंच वाटलं. माझे वडील असेच होते.) मैत्रीने सांगितलं होतं की थोडे दिवस मागच्या दाराने ये-जा करा. दुसऱ्या दिवशी सकाळी हे चप्पल घालून, महादरवाज्यातून निघालेल्या सरदारासारखे, पुढच्या दाराने निघाले आणि पायरीवर मधोमध पाय दिला. पाय रुतला. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा हे खाली बघत होते आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू पेन्शन वाढली. "तुझ्या मुलीला दाखव," म्हणाले. दाखवलं. महिन्याभराने त्यांनाच तो ठसा खुपायला लागला म्हणून ते छिन्नी-हातोडा घेऊन बसले. छिन्नीचं टोक वाकलं, पायरीला ओरखडा नाही. आता आमच्या दारात तुमच्या भावाच्या उजव्या चपलेचा अंगठ्यासकट ठसा कायमचा आहे. पाऊस पडला की त्यात चिमण्या पाणी पितात.

आणि तशातच विहाराच्या अंगणाचा प्रश्न निघाला. पावसाळ्यात तिथे किती चिखल होतो ते तुम्ही पाहिलंय, तुमची एक चप्पल अजून तिथेच आहे. कमिटीपुढे मैत्रीचे ब्लॉक घ्यावेत असा विषय आला आणि हात वर करायला सांगितले. विरोधात एकच हात. तुमच्या बंधूंचा. सगळी सभा त्यांच्याकडे बघायला लागली. मी तर फरशीतली नक्षी मोजत बसले. तेव्हा तानुबाई बोलल्या. (जुन्या मोशीतल्या. वय त्यांनाही माहीत नाही. सभेला येतात त्या चहासाठी असं म्हणतात, पण शेवटचा शब्द त्यांचाच असतो.) "आण्णा, पोटच्या पोरीला न्हाई म्हनतोस व्हय? चिखलात पाय आमचं घसरत्यात, तुजं न्हाई. हात खाली घे." यांनी हात खाली घेतला. अशी मैत्रीला पहिली मोठी ऑर्डर मिळाली.

ब्लॉक तयार झाले. साच्यातून काढून, पाणी मारून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यांच्या थप्प्या लावून ठेवल्या होत्या, कारण ओल आत राहावी लागते. ज्या दिवशी त्या उघडायच्या होत्या त्या दिवशी मी शेडवर डबा घेऊन निघाले, तर हे म्हणाले, "मी सोडतो." स्कूटरवर मागे बसताना मला कळत होतं की हे डबा पोचवायला येत नाहीत, पायरीसारखं आणखी काही फसलेलं बघायला येताहेत. ज्योतीराम (मैत्रीचा मशीनवाला, परभणीकडचा) थप्पीवरचं प्लॅस्टिक कापत होता. प्लॅस्टिक बाजूला झालं आणि आतले ब्लॉक निळे निघाले.

निळे म्हणजे, ताई, फिका निळा, हिरवट झाक असलेला, पण निळाच. मोराच्या मानेसारखा नाही, मोराच्या पिलाला जसा पुढे येईल असं वाटतं तसा. ज्योतीराम कातर हातात घेऊन तसाच उभा. आणि हे पुढे झाले, एक ब्लॉक उचलला, उलटा केला, अंगठ्याने घासला, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. निळा म्हणजे आपल्या घरात काय, ते तुम्हाला सांगायला नको. "न सांगता रंग घातला पोरीने," म्हणाले. "विहारासाठी." तेवढ्यात मैत्री ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीतून धावत आली, तर हे वळून तिलाच, माझ्याकडे न बघता, थेट तिला म्हणाले, "मैत्री, जेवून घे. मग काम."

ती गोंधळून म्हणाली, "बाबा, तो रंग—" आणि मी तिच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. मी तेव्हा सँडल घातली होती.

कारण मला ठाऊक होतं. मैत्रीने मला आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं. हा रंग कुणी घातलेला नसतो, तो स्लॅगचा स्वतःचाच. हवा लागत नाही तोवर टिकतो, उन्हावाऱ्यात आला की थोड्या दिवसांत उडतो आणि ब्लॉक पांढुरका पडतो. (आमची पायरी उघड्यावरच वाळली म्हणून ती कधी निळी दिसलीच नाही.) आत मात्र निळा तसाच राहतो, फोडून बघावं तेव्हा. पण ताई, इतक्या महिन्यांनी त्यांनी तिला नावाने हाक मारली होती. त्या वेळी रसायनशास्त्र कोण काढणार? आमच्या शाळेत सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या की गप्प राहून बोललेलं खोटं हेही खोटंच. त्या अविवाहित होत्या.

पुढचं सगळं त्या एका पायाने घडवलं. संध्याकाळपर्यंत धम्मरत्नने ग्रुपवर टाकलं, "आपल्या भगिनीने आपल्या विहारासाठी खास निळे ब्लॉक." भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे माझं अभिनंदन करायला लागले आणि मी, खोटं का सांगू, घेत गेले. "हो, कल्पना तिचीच," असं म्हणत गेले. देहूरोडच्या माझ्या मावसबहिणीला तर मी स्वतः फोन करून सांगितलं. अंगण बसवायला हे रोज जातीने हजर. लेव्हल लावायची दोरी यांच्या हातात, आणि येईल त्याला सांगणं, "वरून फासलेला नाही. आतपर्यंत आहे." एकाने शंका घेतली म्हणून यांनी हातोड्याने एक फोडून दाखवला, तर आत अधिकच निळा. शंका घेणाऱ्याने हात जोडले. आणि यांनी एक ब्लॉक घरी आणून टीव्हीशेजारी ठेवला, माझ्या शाळेतल्या कपाच्या जागी. (हस्ताक्षराचा कप. असो.)

तो ब्लॉक टीव्हीशेजारी पांढरा पडायला लागला, तिथून माझ्या पाठीची कथा सुरू होते. खिडकी समोरच, ऊन थेट. मी पडदे ओढले, ब्लॉकवर क्रोशाचा रुमाल घातला. (विहाराकडे तर मी पाऊलच टाकत नव्हते, तिथलं बघवलं नसतं.) शेवटी एक दिवस भाजीची पिशवी घेऊन चाकणच्या बसमध्ये बसले, कुरुळीला उतरले, ज्योतीरामकडून न उघडलेल्या थप्पीतला ताजा निळा ब्लॉक मागून घेतला, पिशवीत तळाशी तो आणि वर मेथीची जुडी अशी घरी आले आणि बदलून टाकला. हे वामकुक्षीत होते. काम फत्ते. पण तोही फिका पडणारच की. मग पुन्हा बस, पुन्हा मेथी. एकदा कंडक्टरने पिशवी बाजूला सरकवायला उचलली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला उगीचच म्हणावं लागलं, "पाटा आहे." तिसऱ्या की चौथ्या खेपेला ज्योतीराम म्हणाला, "काय मावशी, एक एक नेऊन घर बांधायलाव का काय?" जुने, फिके पडलेले ब्लॉक मी पलंगाखाली ढकलत होते. मेथी इतकी झाली की यांनी एकदा विचारलं, "आपल्याला डॉक्टरांनी मेथी सांगितली आहे का?"

आणि परवा मी अशीच ताजा ब्लॉक घेऊन आले, पिशवी खाली ठेवली, जुना काढायला हात लावला तर जो काल फिका होता तो आज निळा. चक्क निळा. मी दोन्ही हातांनी उचलला आणि हात बघितले, तर तळवे निळे. माझ्या निळ्यात हिरवी झाक, या निळ्यात जांभळी. तो रंग मी जन्मात विसरणार नाही. आमची आई सोमवारच्या युनिफॉर्मला नीळ जरा सैल हाताने घालायची आणि पांढऱ्याशुभ्र रांगेत मी एकटीच ढगासारखी उभी असायची. म्हणून वाण्याकडून आणलेली निळीची बाटली आठवड्यात संपत होती तर. मला वाटायचं गळते आहे. सदऱ्याचे कफ कडेने निळे का, तर मला वाटायचं बॉलपेन.

म्हणजे यांना ठाऊक होतं. रंग उडतो हे केव्हाच ध्यानात आलं होतं, आणि पोरीला कुणी खराब रंग विकून फसवलं असा समज करून घेऊन, तिची फजिती होऊ नये म्हणून, हे गुपचूप नीळ देत बसले होते. मी थेट काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे "फिरायला" निघाले तशी मी मागोमाग गेले. विहाराच्या अंगणात तुमचे बंधू कुंड्यांना पाणी घालायची झारी घेऊन, ओणवे होऊन, एकेका ब्लॉकला नीळ पाजत होते. कट्ट्यावर तानुबाई राखणीला. मला बघून त्यांनी हातानेच थांबवलं. "आमरपाली, काय बगितलंस?" मी म्हटलं, काही नाही. "मंग घरी जा. च्या टाक." हे उठून वळले तेव्हा मला त्यांची पाठमोरी विजार दिसली. बसायच्या जागी निळीचे दोन मोठे गोल. कुणी शिक्के मारल्यासारखे.

आणि तेव्हा मला पौर्णिमा दिसली. सगळी मोशी पांढऱ्या कपड्यांत येणार, वंदनेला त्या अंगणात मांडी घालून बसणार, आणि साधु साधु साधु म्हणून उठणार.

एवढं सगळं झालं. बाकी ठीक आहे. गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा. धाकट्यांना आशीर्वाद सांगा, भाऊजींना नमस्कार.

तुमची,
आम्रपाली

ता. क. एवढं लांबण लावलं, पण खरं मागणं राहिलंच. ताई, तुम्ही दोन दिवस आधी या आणि यांना तुमच्या तोंडून सांगा की हा रंग कुणी फसवून विकलेला नाही. पोरीने घातलेलाच नाही. जी स्लॅग ते जन्मभर बाहेर ढकलत राहिले, तिच्याच पोटात तो होता. मी सांगितलं तर ते माझं खोटं निघेल, मैत्रीने सांगितलं तर तिची हार. तुम्ही सांगितलंत की ते ज्ञान होतं, लहानपणापासून यांची तशी सवय आहे. नाहीतर रंग उडाला की पोरीशी बोलणंही उडेल ही मला धास्ती आहे. "पेपरात वाचलं" म्हणा. आणि नीळ बंद करवा.

ता. क. २. हे जमलं नाही तर निदान पांढरी साडी आणू नका. ती जांभळी इरकल आहे ना, ती आणा.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला उठले होते, ते परत उघडून लिहिते आहे. हे मागच्या अंगणात मैत्रीशी फोनवर बोलताहेत. (भट्टीने कान नेल्यापासून हे खाजगी बोलतात तेव्हा गल्ली ऐकते.) शब्दाला शब्द लिहिते. "म्हणजे तू काही घातलंच नव्हतंस? त्याचा तोच?" शेवग्याखाली येरझारा घालत होते. मग, "आणि आत तसाच राहतो म्हणतेस. बरं." पुन्हा येरझारा. त्यानंतर, "अगं, मला काही नाही वाटत. मी तर म्हणतो, पांढरा होऊ दे. पण तुझ्या आईला बोलू नकोस. ती सगळ्या गावाला सांगून बसलीय, देहूरोडला फोन केलेत तिने. रोज बसने जाऊन विटा वाहते बिचारी, पलंगाखाली ढीग झालाय. पौर्णिमेपर्यंत मी नीळ देतो. एवढा तिचा मान राहू दे." पलीकडून मैत्री काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. हे मात्र हसले आणि म्हणाले, "जेवलीस का?"

तेव्हा ताई, दोन दिवस आधी येऊ नका. पौर्णिमेलाच या. मला काही माहीत नाही आणि तुम्हालाही काही माहीत नाही. इरकल राहू द्या, पांढरीच नेसा, आणि ते दाखवतील तिथे बसा. डाग पडला तर पडला. तुमच्या भावाच्या हातचा आहे.